पंडिता रमाबाई : आयुष्य थोडं, काम मोठं



परिपाठात आपण फळ्यावर सुविचार लिहितो. आयुष्य क्षणभंगुर आहे, वेळ वाया घालवू नका, जीवनात ध्येय असावं. मुलं ते वहीत उतरवतात आणि पहिल्या तासिकेला लागतात. पुढे काय करायचं हे मात्र त्या सुविचारात लिहिलेलं नसतं.

आपल्या अमरावती-अकोल्याकडच्या मुलांना खरं तर हा सुविचार वेगळा शिकवावा लागत नाही. नापिकी आणि कर्ज यांत बाप गमावलेली लेकरं आपल्या वर्गात बसलेली असतात. २०२१ च्या फेब्रुवारीत कोरोनाची दुसरी लाट राज्यात आधी आपल्याकडेच उसळली. त्या वर्षी कोणाची आजी गेली, कोणाची आई गेली. आयुष्य थोडं असतं हे या मुलांनी घरातच पाहिलंय. त्यांचा प्रश्न पुढचा असतो. माणूस गेला, आता आपण काय करायचं? या प्रश्नापाशी पुस्तकं बहुतेक गप्प असतात, आणि आपणही विषय बदलतो.

म्हणून आज मी तुम्हाला एका बाईचं चरित्र सांगणार आहे. नाव तुम्हाला माहीत आहे, पंडिता रमाबाई. आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि स्पर्धा परीक्षेच्या तयारीत त्या दोन ओळींत येतात. आर्य महिला समाज, शारदा सदन, मुक्ती सदन. साल पाठ, संस्था पाठ, गुण मिळाले. पण त्या संस्थांच्या मागे एकामागून एक किती मरणं आहेत, आणि प्रत्येक मरणानंतर ही बाई कुठल्या कामाला लागली, ते आपण मुलांना क्वचितच सांगतो.

पायी फिरणारं घर

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान. त्या काळी बाईने संस्कृत शिकणं म्हणजे पाप समजलं जायचं. अनंतशास्त्रींनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. लोकांचा विरोध झाला, तेव्हा ते घाटावरच्या गंगामूळ नावाच्या रानात राहायला गेले. रमाबाई तिथेच जन्मल्या. पुढे पैसा संपला आणि सगळं घर तीर्थयात्रेला निघालं. देवळात पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर जगायचं आणि पुढच्या गावाला चालू लागायचं. लहानग्या रमाला आईनेच शिकवलं. शाळा नाही, फळा नाही. रस्त्याने चालताना पाठांतर व्हायचं. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे हजारो श्लोक तिला तोंडपाठ होते.

मग १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. आधी वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, नंतर थोरली बहीणही गेली. रमा तेव्हा सोळा वर्षांची असेल. आपल्या दहावीच्या मुलीएवढी. राहिले दोघंच, ती आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायीच देशभर फिरले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. आज आपण सहज 'पंडिता रमाबाई' म्हणतो. ती पदवी वीस वर्षांच्या एका पोरक्या मुलीने चालत चालत मिळवलेली आहे.

तेविसाव्या वर्षी

१८८० मध्ये श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. दोन्हीकडच्या लोकांना ते पसंत नव्हतं. १६ एप्रिल १८८१ ला मुलगी झाली. नाव ठेवलं मनोरमा. आणि ४ फेब्रुवारी १८८२ ला पटकीने बिपिनबाबू गेले. संसाराला दोन वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

इथे जरा थांबून विचार करा. बाई तेवीस वर्षांची, कडेवर दहा महिन्यांचं लेकरू. माहेर म्हणून उरलेलं एकही माणूस नाही. सासरचा आधार नाही. काळ असा की विधवेचं केशवपन व्हायचं आणि ती घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात जायची. रमाबाई कोपऱ्यात बसल्या असत्या तर कोणी त्यांना नावं ठेवली नसती, उलट शहाणी बाई म्हटलं असतं.

त्या मुलीला घेऊन पुण्याला आल्या. त्याच वर्षी, म्हणजे १८८२ मध्ये, त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी सरकारचं शिक्षण आयोग, ज्याला आपण हंटर आयोग म्हणतो, पुण्यात आलं. रमाबाईंनी तिथे साक्ष दिली. मुलींना शिकवायला स्त्री शिक्षिका तयार करा आणि बायकांसाठी स्त्री डॉक्टर तयार करा, ही त्यांची मागणी होती. भगिनींनो, आज आपण डी.एड. करून शाळेत उभ्या आहोत. ही मागणी आपल्यासाठी मांडणारी बाई तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि नवरा जाऊन तिला वर्षही झालं नव्हतं.

शिकायला निघालेली आई

रमाबाईंना डॉक्टर व्हायचं होतं. पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासाचे पैसे उभे राहिले आणि १८८३ मध्ये मनोरमाला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे डॉक्टरकीचा विचार सोडावा लागला. एक दार बंद झालं म्हणून त्या परत फिरल्या नाहीत. इंग्रजी शिकल्या, चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या.

तिथेच, २९ सप्टेंबर १८८३ ला, मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला आणि त्या ख्रिस्ती झाल्या. याबद्दल महाराष्ट्रात तेव्हा वादळ उठलं आणि आजही काही जण हा भाग गाळून रमाबाई शिकवतात. मला वाटतं, गाळू नये. इंग्लंडात समाजाने टाकून दिलेल्या बायकांसाठी धर्मभगिनी काम करताना त्यांनी पाहिल्या. चुकलेल्या, पडलेल्या बाईलाही जवळ घेणारा येशू त्यांना जवळचा वाटला. धर्मांतर हा त्यांचा स्वतःचा निर्णय होता, आणि त्यानंतरही त्या मिशनऱ्यांचं सगळं निमूटपणे ऐकत बसल्या नाहीत. पटत नसलेल्या मतांवर त्यांनी आपल्या धर्मगुरूंशीही पत्रांतून वाद घातला. पोशाख साधा, जेवण शाकाहारी, आणि विचार स्वतःचा.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला. आनंदीबाई डॉक्टर होऊन परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला वारल्या. वय एकवीस. रुग्ण तपासायचं त्यांचं स्वप्न तसंच राहिलं. रमाबाईंच्या ओळखीचं आणखी एक तरुण माणूस गेलं.

अमेरिकेत त्यांनी काय केलं ते आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे. त्या फिलाडेल्फियात बालवाडीची पद्धत शिकल्या. फ्रोबेलची पद्धत, खेळातून आणि वस्तू हाताळून शिकणं. मराठी मुलांसाठी वाचनाची क्रमिक पुस्तकंही लिहायला घेतली. आज आपण कृतियुक्त अध्ययन म्हणून प्रशिक्षणात जे ऐकतो, त्याचा विचार ही बाई जवळपास एकशे चाळीस वर्षांपूर्वी करत होती. भाषणं देत त्या अमेरिकाभर फिरल्या. बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं आणि त्याने दहा वर्षं मदत द्यायचं ठरवलं.

शारदा सदन

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. विधवा मुलींसाठी राहण्याची आणि शिक्षणाची सोय. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी होत्या. आठव्या वर्षीच विधवा झालेली ही मुलगी. पुढे १८९३ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे, म्हणजे बाया कर्वे झाल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. एका मुलीला एका शाळेत जागा मिळाली, त्याचे धागे कुठवर गेले बघा.

पण सगळं सुरळीत नव्हतं. सदन पुण्यात हलवल्यावर आरोप झाला की रमाबाई मुलींना ख्रिस्ती करतात. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसंही सल्लागार मंडळातून बाहेर पडली. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंचं म्हणणं आज आपण शांतपणे समजून घेऊ शकतो. पालकांची काळजी खरी होती. रमाबाईंचं म्हणणं असं होतं की आपली प्रार्थना आपण दार उघडं ठेवून करतो, कोणावर सक्ती नाही. वाद मिटला नाही. राहिलेल्या मुलींना घेऊन शाळा चालू राहिली.

दुष्काळ पुन्हा आला

१८९६ मध्ये मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या वऱ्हाडाच्या शेजारी, भीषण दुष्काळ पडला. बातम्या पुण्याला पोचल्या. रमाबाईंना त्या बातम्या वाचून कळाव्या लागल्या नसतील. भुकेने आई-बाप कसे जातात हे त्यांनी सोळाव्या वर्षी पाहिलं होतं. त्या स्वतः निघाल्या. दुष्काळी कामं, मदत छावण्या, रस्ते, सगळीकडे फिरल्या आणि निराधार मुली आणि बायका घेऊन आल्या. सुमारे तीनशे.

पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. एवढ्या मुली शहरात ठेवणं शक्य नव्हतं. दौंडजवळ केडगावला त्यांनी आधीच शेतजमीन घेऊन ठेवली होती. अमेरिकेची दहा वर्षांची मदत संपल्यावर संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून फळबाग लावायची, असा तो विचार होता. त्याच जमिनीवर झोपड्या बांधल्या, विहिरी खोदल्या आणि 'मुक्ती' उभी राहिली. पाण्याची किंमत आपल्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. माळरानावर आधी विहीर खोदणारी बाई किती पुढचं बघत होती ते तुम्हाला लगेच कळेल.

१८९९-१९०० मध्ये त्याहून मोठा दुष्काळ आला. गुजरात, राजस्थान, आपलं वऱ्हाड, सगळं होरपळलं. मेळघाटात तर फार हाल झाले. मुक्तीतल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. त्यांत सगळ्या जातींच्या मुली होत्या. एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला शेती, गाईगुरं, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना. प्रत्येक मुलीच्या हाताला काहीतरी काम यायलाच हवं, हा नियम. मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आली होती, तिने अंध मुलींना शिकवायला सुरुवात केली. घरातून टाकून दिलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं.

तुम्ही वऱ्हाडातून दौंडमार्गे पुण्याला रेल्वेने गेलात, तर दौंडनंतर केडगाव स्टेशन लागतं. मुक्ती मिशन तिथे आजही चालू आहे.

शेवटचं काम

रमाबाईंनी चाळिशी ओलांडल्यावर एक नवं काम हाती घेतलं. संपूर्ण बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला. संस्कृतची एवढी मोठी पंडिता, पण भाषांतरात अवघड शब्द नकोत हा तिचा हट्ट. खेड्यातल्या, नुकतंच वाचायला शिकलेल्या बाईला कळलं पाहिजे. हे काम वर्षानुवर्षं चाललं. खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच मुली होत्या. दुष्काळात रस्त्याच्या कडेला पडलेल्या मुली आता पुस्तक छापत होत्या.

बायबलमधल्या स्तोत्रांत माणसाच्या आयुष्याला गवताची उपमा दिली आहे. सकाळी हिरवं, संध्याकाळी वाळलेलं. ख्रिस्ती विचारात यावरून दोन गोष्टी सांगतात. एक, आयुष्य आपल्या मालकीचं नाही, ते काही काळासाठी सोपवलेलं आहे. दुसरी, सोपवलेल्या गोष्टीचा हिशेब द्यायचा असतो, म्हणून ती पुरून ठेवू नये, वापरावी. आपल्या संतांनीही नरदेह वाया घालवू नका असंच सांगितलंय, आणि आपल्याच मातीतले गाडगेबाबा अखेरपर्यंत फिरत राहिले आणि १९५६ मध्ये अमरावतीजवळ वलगावला प्रवासातच गेले. रमाबाईंना ही गवताची उपमा भाषांतर करताना एक एक शब्द तपासून मराठीत आणावी लागली असेल. पण त्यांना ती पुस्तकातून समजली नव्हती. ती त्यांच्या घरातच घडली होती.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. चाळीस वर्षांची. आईनंतर मुक्तीचा कारभार तिनेच सांभाळायचा होता. जिला सोबत घेऊन ही बाई इंग्लंड-अमेरिका हिंडली, ती एकुलती एक लेक आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, आजारी, कानांनी जवळजवळ बहिऱ्या. त्यांनी दोन गोष्टी केल्या. संस्थेची जबाबदारी सांभाळणारी माणसं ठरवली, आणि भाषांतराची मुद्रितं तपासायला पुन्हा बसल्या. शेवटच्या दिवसांपर्यंत त्या मुद्रितं तपासत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते त्यांच्या पश्चात. पुस्तक हातात घेऊन बघायला त्या नव्हत्या, पण करायचं राहिलंय असं त्यांनी काही ठेवलं नव्हतं.

यातून आपण काय घ्यायचं?

मुलांना मोठ्या माणसांचं चरित्र सांगताना आपण सांगतो की त्यांनी लहानपणीच ध्येय ठरवलं होतं. रमाबाईंचं तसं नाही. त्यांनी ठरवलेलं बरंच झालं नाही. डॉक्टर व्हायचं होतं, झालं नाही. संसार करायचा होता, झाला नाही. पुण्यात सगळ्यांना घेऊन शाळा चालवायची होती, तीही नीट होऊ दिली गेली नाही. पण जे आपल्यावर गुजरलं ते दुसऱ्या कोणावर गुजरताना दिसलं की त्या उठल्या. स्वतः उपाशी राहिल्या होत्या, म्हणून दुष्काळात निघाल्या. स्वतः विधवा होत्या, म्हणून विधवांची शाळा काढली. आईकडून शिकल्या होत्या, म्हणून बाईने बाईला शिकवावं असं आयोगापुढे सांगितलं. जीवनाचा उद्देश शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. तो त्यांच्या दुःखाच्या शेजारीच होता.

आपल्या वर्गातल्या, वडील गेलेल्या मुलाला आपण म्हणतो, तू खूप मोठा हो, आईचं नाव काढ. एवढ्या लहान खांद्यावर हे फार ओझं आहे. त्यापेक्षा त्याला आजचं एक काम द्यावं. लहान भावाला वाचायला शिकव. वर्गातल्या नव्या मुलाला शेजारी बसव. दुःख झालेल्या माणसाच्या हाताला कोणासाठी तरी केलेलं काम मिळालं, की त्याला धीर येतो. आणि हो, त्याला रडू द्यावं. रमाबाई खंबीर होत्या म्हणजे त्यांना रडू आलं नसेल असं मुलांना मुळीच सांगू नका.

वर्गात घेता येतील अशा कृती

१. कालरेषा : फळ्यावर १८५८ ते १९२२ अशी रेष काढा. वर आयुष्यातले मृत्यू, खाली त्यानंतर सुरू झालेली कामं मुलांकडून लिहून घ्या. चौथी-पाचवीची मुलं वजाबाकी करून प्रत्येक वेळचं वय काढू शकतात. गणिताचा सरावही होतो.

२. मोजणी : आपल्या शाळेत, केंद्रात, गावच्या दवाखान्यात किती बाया नोकरी करतात ते मुलांनी मोजून यावं. मग त्यांना १८८२ ची साक्ष सांगा.

३. हाताचं काम : मुक्तीत प्रत्येक मुलीला एक काम यायचं. तुमच्या वर्गातल्या प्रत्येकाने घरातल्या एका माणसाकडून एक काम शिकून यावं आणि आठवड्याने दुसऱ्याला शिकवावं.

४. पालकांसाठी : घरात कोणी गेलं असेल तर मुलापासून लपवू नका. गेलेल्या माणसाचं एखादं अर्धं राहिलेलं काम, एखादं झाड, एखादी वही, मुलासोबत बसून पूर्ण करा.

धर्माचा प्रश्न आला तर घाबरू नका. मुलांना सांगा की रमाबाई हिंदू घरात जन्मल्या, ख्रिस्ती झाल्या आणि सगळ्या जातींच्या मुलींसाठी राबल्या. आपल्याला वर्गात कोणाचा धर्म शिकवायचा नाही, एक आयुष्य शिकवायचं आहे.

रमाबाईंची पुण्यतिथी ५ एप्रिलला आणि जयंती २३ एप्रिलला येते. दोन्ही तारखा परीक्षेच्या आणि निकालाच्या गडबडीत सापडतात, म्हणून शाळेत त्या राहून जातात. त्याऐवजी ११ मार्च घ्या, शारदा सदन सुरू झालं तो दिवस. महिला दिन नुकताच झालेला असतो, मुलं वर्गात असतात, आणि एक तासिका नक्की मिळते.